कानमंत्र्याचं एकमेव खोटं

आमच्या नाटक कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचं, नाटकाची वही मांडीवर घ्यायची आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला कानमंत्री म्हणायचो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मी अरे-तुरे करायची; तो मला ताई म्हणायचा. त्याचा आवाज अडलेल्या नटाच्या कानापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नाही. बत्तीस वर्षं टाळ्या मी घेतल्या. त्यातल्या बऱ्याच त्याच्या होत्या. हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं, पण तेव्हा मी टाळ्या घेण्यात गुंतले होते.

कानमंत्री कधी खोटं बोलत नसे. ही स्तुती नाही, तक्रार आहे. प्रयोग संपला की तो मेकअपच्या खोलीच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, आज अकरा." म्हणजे मी अकरा वाक्यं खाल्ली. समोर फुलं घेऊन आलेली माणसं बसलेली असली तरी म्हणायचा. त्याची बायको सांगायची, "आम्हाला कुणी बाळ बघायला दुसऱ्यांदा बोलावत नाही. हे म्हणतात, नाक मोठं आहे तर आहे."

दारू नाही, विडी नाही, उसनवारी नाही. दर शनिवारी मात्र चर्चमध्ये पापनिवेदनाला जायचा. तिथे एक लाकडी कोठडी होती, मध्ये जाळी. अलीकडे आपण गुडघे टेकून आपली पापं सांगायची, पलीकडून फादरनी देवाच्या नावाने क्षमेचे शब्द म्हणायचे.

"आज काय आणलंयस?" फादर विचारायचे.

"विशेष काही नाही, फादर."

"मग रांग कशाला अडवतोस?"

नोकरीत एकही गैरहजेरी नसलेल्या माणसाला निरोपाच्या दिवशी जसा मान मिळतो, तसा आपल्याला वर देवाकडे मिळणार, अशी त्याची सरळ समजूत होती. एकदा आमच्या नायकाबद्दल मालकांनी त्याला विचारलं, हा पिऊन उभा राहतो का? कानमंत्र्याने हो म्हटलं. नायकाची नोकरी गेली.

"मी खरंच सांगितलं ना?" त्या शनिवारी त्याने फादरना विचारलं.

"सांगितलंस. मग त्याच्या घरी जाऊन आलास?"

"मी कशाला जाऊ? चूक त्याची होती."

फादर म्हणाले, "देवाने तुला पांढरा सदरा दिला तो घालून कामाला लागायला. तू तो घडी करून कपाटात ठेवलायस. डाग कुठून पडणार?"

हे त्याने मला एखादा अन्याय सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, बरोबर आहे फादरचं. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. त्या चार दिवसांत मला अकरा की बारा ते कळलं नाही.

पुढे कंपनी बंद पडली. फादर ऐंशीला आले आणि विसरू लागले. मी त्या धर्माची नाही, पण तिथलं गाणं चांगलं असतं आणि बसायला बाक असतो, म्हणून अधूनमधून जायची. एका रविवारी प्रवचनाच्या मध्येच फादर थांबले. लोकांना वाटलं, विचार करतायत. मग पुढचं वाक्य आलं. पहिल्या बाकावर कानमंत्री बसला होता. साऱ्या चर्चमध्ये फक्त मला कळलं. ते ओठ मी बत्तीस वर्षं पाहिले होते.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. "किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं. शनिवारी ते मला प्रवचन सांगतात, मी लिहून घेतो. मयतांची नावं, नवरा-नवरीची नावं, सगळं माझ्याकडे असतं. प्रार्थनेचं पुस्तक समोर असतं, पण ओळ हरवते."

"आणि हे फसवणं नाही?"

"कुणी विचारलेलं नाही, ताई."

मग कुणीतरी विचारलं. बिशपांकडून एक मधल्या वयाचे धर्मगुरू फाइल घेऊन आले. फादरचं विसरणं बिशपांच्या कानावर गेलं होतं. खरं निघालं, तर फादरना वृद्ध धर्मगुरूंच्या घरात पाठवणार होते. आदल्या संध्याकाळी फादर कानमंत्र्याला म्हणाले होते, "मला इथून हलवू देऊ नकोस रे. तिथे मी खोली विसरेन, माणसं विसरेन. इथे निदान पाय आपोआप वेदीकडे जातात."

पाहुण्यांनी चार-पाच जणांना विचारलं. मग कानमंत्र्याला बोलावून म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही, असं सगळेच सांगतात. तेव्हा तुम्ही म्हणाल ते मी लिहीन. फादर विसरतात का?"

"नाही," कानमंत्री म्हणाला.

पाहुण्यांनी तसं लिहिलं, फाइल मिटली, चहा घेतला आणि गेले. साठ वर्षांचं खरं बोलणं एका शब्दात खर्ची पडलं, आणि खोटं उत्तम चाललं. आयुष्यात स्वतःचा असा एकच संवाद मिळाला, तोही त्याने कुणी न सांगता म्हटला.

त्या शनिवारी तो रांगेत उभा राहिला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. कोठडीतलं फादरनी बाहेर सांगायचं नसतं. आपलं आपण सांगायला हरकत नाही, हे त्याने आधी विचारून घेतलं होतं.

"फादर, मी खोटं बोललो."

पलीकडे फादर जाळीजवळ सरकले. मग, "तू?"

"बिशपांच्या माणसाशी. तुमच्याबद्दल."

"पश्चात्ताप होतोय?"

"तेच कळत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन असं वाटतं. त्याचा होतोय."

"बरं," फादर म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही घेऊन आलास." आणि त्यांनी क्षमेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटले, पुन्हा तिथेच अडले.

"पुढे?" त्यांनी जाळीतून विचारलं.

"हे नाही सांगणार, फादर."

"का? येत नाही?"

"पाठ आहे. पण क्षमा मला हवी आहे. मीच सांगितली, तर मीच मला दिल्यासारखी होईल."

फादर म्हणाले, "बाकीच्यांच्या वेळी मला आठवतं का रे?"

"मला माहीत नाही. इथे मी नसतो."

बाहेर रांगेत अजून पाच जण होते. फादर कोठडीतून उठले, सगळ्यांच्या देखत मागच्या खोलीत गेले आणि छोटं पुस्तक नि चष्मा घेऊन आले. मग ओळीवर बोट ठेवून त्यांनी क्षमेचे शब्द वाचले.

"वाचन सुमारच होतं," कानमंत्री मला म्हणाला. "थांबायचं तिथे थांबले नाहीत, नको तिथे थांबले."

"आणि तू काय केलंस?"

"काही नाही. ऐकलं. त्यात मला काही करायचंच नव्हतं, ताई. फार अवघड गेलं."

राहिलेल्या पाचही जणांना फादरनी वाचूनच क्षमा दिली. मग कानमंत्र्याला मागच्या खोलीत नेलं. "तुझं प्रायश्चित्त राहिलंय. माझा हात कापतो. बिशपांना पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू लिही."

पत्र कसलं ते त्याला कळलं. "दुसरं काहीतरी द्या, फादर. उपास द्या."

"उपास तुला जमतो. बस."

फादर सांगू लागले. "मी आता विसरू लागलो आहे. माणसं माझ्याकडे क्षमा मागायला येतात. त्यांना ती पुरी मिळाली पाहिजे. म्हणून माझ्या जागी..." आणि खिडकीकडे पाहत राहिले. "मी काय म्हणत होतो रे?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे काहीही बसलं असतं. माझ्या जागी प्रवचनाला कुणी पाठवा, कोठडीत बसायला कुणी पाठवा, मला इथेच राहू द्या. फादरना कळलंही नसतं.

"माझ्या जागी दुसरे धर्मगुरू पाठवा आणि मला घेऊन जा," कानमंत्र्याने सांगितलं. "असं म्हणत होतात."

"हो. तेच. लिही."

त्याने लिहिलं. फादरची सही घेतली. सहीखाली स्वतःच्या नावाने दोन ओळी घातल्या: मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं.

महिन्याभरात फादरना नेलं. पहिल्याच आठवड्यात ते खोली चुकले. आता कानमंत्री रोज पहाटेची बस पकडून तिकडे जातो. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत बावन्न पावलं आहेत, दोन वळणं. तेवढी तो फादरना हाताला धरून चालवतो, आणि दुपारी उशिरा घरी येतो. पिण्यापायी नोकरी गेलेला आमचा नायक त्याच रस्त्यावर राहतो असं त्याला कळलं, तेव्हापासून आणखी उशिरा येतो.

त्याची बायको परवा मला म्हणाली, "जन्मभर घरात खरं बोलून जीव नकोसा केला. आता बोलायला घरात नसतातच." आणि डबा घट्ट लावून तिने दाराशी ठेवला. डबा तिघांचा होता.