शून्य किमतीचे वाढे

उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढे, तोडणाऱ्याचे. ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची आणि वाढे तोडणाऱ्याचे, हे कुठे लिहिलेले नाही. पण आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या गाड्यांचे बैल त्यावर जगतात, उरलेल्या मोळ्या रस्त्याकडेला विकल्या जातात. मलाही ठाऊक होते. माझे आईवडील पाथर्डीहून दर हंगामाला कोयता घेऊन निघायचे. पुढे थोरल्या भावाने कोयता धरला आणि मी शिकलो.

निवृत्तीनंतर एका कारखान्याने मला काम दिले. हरितगृह वायू कमी करण्याचे कोणते उपाय आहेत, प्रत्येकाने किती वायू वाचेल आणि तेवढा वाचवायला किती खर्च येईल, याचे गणित संगणकावर मांडायचे होते. आलेखात प्रत्येक उपायाची एक पट्टी, आणि जी शून्याच्या रेषेखाली जाईल, तो उपाय फायद्याचा. तोडणीनंतर शेतात उरणारे पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने, न पेटवता ते गोळा करून बॉयलरला कोळशाऐवजी वापरायचे, हा अध्यक्षांचा आवडता उपाय. नुसत्या वाळक्या पाचटावर तो रेषेच्या वरच राहत होता. मग मी पाचटात वाढेही मिळवले आणि त्यांची किंमत शून्य धरली. पट्टी रेषेखाली गेली.

बैठकीत शेतकी अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाला, "साहेब, एकरी एवढं पाचट? वाढे धरलेत की काय? गाडीवाल्यांनी कोयते टाकले, तर उसाऐवजी तुमचा आलेख घालू का कारखान्याच्या गव्हाणीत?"

कोणीतरी हसले. अध्यक्ष हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. माझे भाऊ-वहिनी त्याच कारखान्याच्या गाडीतळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहत होते.

"वाढ्यांचा फरक नगण्य आहे," मी म्हणालो.

ठराव झाला. पुढच्या हंगामात वाढे उसाच्या फडाबाहेर नेण्याला बंदी आली.

भावाला भेटायला गेलो, तर कारखान्याचा रखवालदार त्याच्या गाडीवरून मोळ्या खाली ओढत होता. भाऊ कासरा धरून उभा होता. वहिनी गाडीला आडवी झाली होती.

"बैलांनी खायाचं काय? तुझी काठी?"

"मावशी, वरून हुकूम हाय."

"वरून म्हंजी? देवानं धाडलाय व्हय?"

जमलेले लोक हसले. तेवढ्यात तिने मला पाहिले. "भावजी, तुमी सायबांत बसता. सांगा की ह्याला!"

रखवालदार मला ओळखत होता. त्याने हात थांबवला आणि तो माझ्या शब्दाची वाट बघू लागला. सगळेच बघू लागले. एक वाक्य पुरले असते.

"बोलतो मी," असे पुटपुटून मी मोटारीत जाऊन बसलो. कुणाशीही बोललो नाही. विकतचा चारा भावाला परवडेना. हंगाम संपायच्या आत त्याने बैल विकले.

परवा दुसऱ्या एका कारखान्याच्या अभियंत्याचा फोन आला. "सर, आम्ही तुमचंच गणित वापरतोय."

मी त्याला म्हणालो, वाढे बाहेर काढा किंवा चाऱ्याच्या भावाने धरा. पट्टी वर जाईल.

"मग संचालक मानणार नाहीत, सर."

पाचट पेटवू नये, हे मला आजही पटते. पण ते फुकटात होत नाही, आणि तो खर्च मी कोणाच्या दावणीतून काढला होता, ते मला पक्के ठाऊक होते.

फोन ठेवला आणि भावाच्या घरी जाऊन सगळे सांगितले. वहिनीने विचारले, "त्या कारखान्यावर आपल्याकडचीच मानसं जात्यात. त्यांचं वाढं तरी त्यांच्याकडं ऱ्हाईल का?"

"माहीत नाही."

"मंग हितं रडत काय बसलाय, भावजी? तिकडं जा की."

त्यांच्या संचालकांची बैठक व्हायची आहे. मला बोलावणे नाही, तरी जाणार आहे. आत घेतले नाही, तर हेच सगळे तिथल्या गाडीतळावर जाऊन तोडणाऱ्यांना सांगेन.