कबूलतात्या

आमच्या कसब्यात तात्यांना सगळे कबूलतात्या म्हणत. कुणावर फिर्याद झाली की तिला उत्तर म्हणून न्यायाधीशांपुढे द्यायची तकरीर तात्या लिहून देत, पण लेखणी उचलण्याआधी विचारत, "यातलं खरं काय काय आहे?" बहुतेक जण तिथूनच उठून दुसरा लिहिणारा शोधत. "सगळंच नाकबूल करणाऱ्याचं काहीच खरं वाटत नाही," तात्या म्हणत. "खरं असेल ते आधी कबूल करावं. मग नाही म्हणायला तोंड राहतं."

ही खोड घरातही होती. एकदा मी ओटीवर बसलो असताना काकू आतून कडाडल्या, "उशिरा येता, भाजी विसरता, आणि माझं कधी ऐकत नाही!" तात्या शांतपणे म्हणाले, "उशीर कबूल. भाजी कबूल. ऐकत नाही हे मोघम आहे. कधी, काय, ते सांगावं." काकू सांगू लागल्या. मी घरी आलो.

मी तांब्याची भांडी घडवणारा. पेशव्यांच्या कचेरीशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. पण माझी धाकटी बहीण सगुणा विधवा झाली आणि महिन्याभरात तिच्या दिरानं फिर्याद ठोकली. त्याचं म्हणणं, भावानं मरण्यापूर्वी मुलगा दत्तक घेतलाच नाही, तेव्हा घर माझं, हे एक. आणि बाई भांडखोर. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चारचौघांत माझ्या डोक्यात मुसळ घातलं, हे दुसरं. पाहणारे म्हणून त्यानं भाऊबंदांची नावंही दिली होती.

दत्तविधान झालं होतं. पण ते करणारे भटजी काशीला गेलेले, आणि भाऊबंद दिराला घाबरून गप्प. मी सगुणाला बजावलं होतं, सगळ्याला नाही म्हण.

तात्यांनी फिर्याद वाचून दाखवली आणि विचारलं, "मारलंत?"

"नाही," सगुणा माझ्याकडे बघत म्हणाली.

"बाई, मी न्यायाधीश नाही."

"मारलं. पण लाटण्यानं."

"का?"

"दत्तकाच्या जेवणाच्या पोळ्या लाटत होते. हे आले आणि पोराला पाटावरून ओढायला लागले."

तात्यांनी लिहिलं : मुसळ नाकबूल, लाटणं कबूल. दिवस कबूल, पाहणारे कबूल. त्यांना बोलावून एवढंच विचारावं, की त्या दिवशी ते तिथं कशाला जमले होते.

"अहो तात्या, माझी बहीण मारकुटी ठरेल!" मी म्हणालो.

"ती आहेच," तात्या म्हणाले.

भाऊबंदांना शपथ घालून विचारलं गेलं. पहिला बराच वेळ घसा साफ करत राहिला. मग म्हणाला, "दत्तकाचं जेवण होतं." बाकीच्यांनीही तेच सांगितलं, एकानं पुरण चांगलं झालं होतं हेही सांगितलं. घर सगुणाच्या मुलाचं ठरलं. मारल्याबद्दल तिला समज मिळाली, ती तिनं मान खाली घालून ऐकली. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसून खूप रडली.

पुढं काही वर्षांनी तात्यांवरच फिर्याद झाली. पुतण्या म्हणाला, आजोबांनी राहतं घर मला दिलं होतं; काकांना फक्त मी मोठा होईपर्यंत राहायला सांगितलं होतं. कागद नव्हता, ऐकलेलं माणूस उरलं नव्हतं. तात्यांनी लिहून दिलं : कबूल.

ते सासवडला मुलीकडे निघाले त्या दिवशी गाडीत सामान चढवायला मी गेलो होतो. काकू आधीच पाठ फिरवून बसल्या होत्या. मला राहवलं नाही.

"तात्या, वडील काय बोलले ते ठाऊक नाही, एवढंच लिहिलं असतंत तरी घर राहिलं असतं."

"पण ठाऊक होतं ना," तात्या म्हणाले.

काकूंनी मागं न बघताच थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.