होडी मिठात ओढली

"माणसं होडी मिठात ओढतात," लीला म्हणाली आणि प्रिन्सिपॉल हसले.

ग्रीकची तोंडी परीक्षा चालू होती. परीक्षा देणारी एकटी लीला, घ्यायला मुंबईहून आलेले एक म्हातारे फादर, आणि कोपऱ्यात मी, तिचा मास्तर. प्रिन्सिपॉलना ग्रीकचं अक्षर येत नव्हतं, पण मी मार्कांची खैरात करतो असा त्यांना दाट संशय होता. म्हणून बाहेरचा परीक्षक. लीला नापास झाली तर जूनपासून ग्रीक बंद, असं त्यांनी मला आधीच सुनावलं होतं. माझं काय, माझे इंग्रजीचे तास होतेच. लीलाचं मात्र कॉलेजच सुटलं असतं. एकदा नापास झालेल्या मुलीला घरचे परत पाठवणार नव्हते.

साठीचं दशक संपत आलं होतं. भाईंदरच्या आमच्या लहानशा कॉलेजात ग्रीक कुणी हौसेने घेत नसे. त्या वर्षी तिघांनी घेतलं, दोघे दिवाळीआधीच पळाले. उरली लीला. जवळच्या राई गावातल्या आगरी घरातली, वडील मिठागरात कामाला. इंग्रजीच्या तासाला बाकीच्या मुली फाडफाड बोलायच्या आणि ही मान खाली घालून बसायची. ग्रीक का घेतलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, हितं सगलेच अल्फापासून सुरू करतात. मी एकलीच अडानी न्हाय." त्या दिवसापासून ही पोरगी मला लेकीसारखी वाटू लागली.

आता घोळ काय झाला ते सांगतो. ग्रीकमध्ये 'हाल्स' असा शब्द आहे. पुल्लिंगी असला की मीठ, स्त्रीलिंगी असला की समुद्र. वाक्यातला स्त्रीलिंगी होता. हा फरक मी तिच्याकडून दहादा घोकून घेतला होता.

फादरनी चष्मा काढला. "लिंग कोणतं?"

"स्त्रीलिंगी."

"म्हणजे अर्थ?"

"दर्या."

"मग मीठ का म्हणालीस?"

लीलाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"फादर, भरती आली का आमचा बापूस बोलतो, 'मीठ आयला, उघाडी खोल.'" उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार. "पानी कोन न्हाय बोलत. तोंडातून तसाच गेला."

प्रिन्सिपॉलनी 'बघा तुमची विद्यार्थिनी' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. फादर मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. उघाडी कधी खोलतात, पाणी किती दिवस ठेवतात, एकेक विचारत राहिले. लीला हातवारे करून सांगत होती. वर्षभरात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

"आता हेच ग्रीकमध्ये सांग," फादर म्हणाले.

तिने सांगितलं. अडखळत, दोन क्रियापदं चुकवून. बाप दार उघडतो, समुद्र आत येतो, ऊन पडतं, मीठ होतं. आत येतानाचा 'हाल्स' तिने स्त्रीलिंगी ठेवला, वाळल्यावरचा पुल्लिंगी. दोन्ही बरोबर.

पहिल्या वाक्याला फादरनी शून्यच दिलं. "चूक ती चूक," मला म्हणाले, "पण मुलगी पास आहे." प्रिन्सिपॉलनी निमूट सही केली. जूनमध्ये लीला पुढच्या वर्गात आली, आणि ग्रीकही राहिलं.

त्या दिवशी बाहेर येऊन मी डोळे पुसले. अभिमान होता, आणि थोडी लाजही. वर्गाच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. वर्षभर मी तो शब्द शिकवला, पण 'तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?' एवढं काही विचारलं नाही. पुढे हा प्रश्न मी दर जूनला पहिल्याच तासाला विचारू लागलो. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, एवढंच.