टेबलावर पूर्ण झालेली चेन

कचेरीत साहेबांचा एक नियम प्रसिद्ध होता. कागद अर्धवट असेल तर तो टेबलावरून हलणार नाही. जोडपत्रं लागली, सह्या झाल्या, दोरीची गाठ पक्की बसली, की मगच फाइल पुढे. तीस वर्षांत एकही सुटी फाइल त्यांच्या टेबलावरून गेली नाही. बऱ्याचशा तर गेल्याच नाहीत.

साहेब म्हणजे तसे साहेब नव्हेत, हेडक्लार्क. ‘साहेब’ ही पदवी बायकोने दिलेली, आणि ती कुठल्या सुरात दिली हे तिच्या माहेरच्यांना नीट ठाऊक होतं.

त्यांच्या मोटरसायकलची चेन त्या आठवड्यात दोनदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली तेव्हा साहेबांच्या मागे बायको होती आणि बायकोच्या मागे ट्रक. ट्रकवाल्याने खिडकीतून साहेबांच्या घराण्याविषयी बरीच माहिती दिली. काही तर साहेबांनाही नवीन होती.

घरी आल्यावर बायको शिवणयंत्रापाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, “सोमवारी माझा कारखान्यात पहिला दिवस आहे. नऊला दारात पाहिजे. चेन धड झाली तर तुमच्या मागे बसेन. नाहीतर धाकट्याला सांगते.”

ती गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून लागणार होती. कारखाना गावाबाहेर, तिकडे बस नाही. आणि धाकटा म्हणजे तिचा भाऊ, गॅरेजवाला. एकवीस वर्षं जी मागची सीट विनातक्रार भरली जात होती, ती आता मेहुण्याच्या गाडीकडे वर्ग होणार, या विचाराने साहेब ताडकन उठून उभे राहिले.

“धाकट्याची काही गरज नाही. चेन मी स्वतः बदलतो.”

“स्वतः?” बायकोने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. “मागे मिक्सर स्वतः केला होतात तो?”

“मिक्सरचं वेगळं होतं.”

“हो ना. त्यावर मला बसायचं नव्हतं.”

शनिवारी बाजारातून आणलेली नवी चेन, तिची टोकं जोडणारी जोडकडी आणि रिव्हेट दाबायचा शिकंजा घेऊन साहेब रविवारी सकाळी कामाला लागले. अंगणात जुनी चेन घासून तोडली, ओढून काढली आणि एखाद्या निलंबित कर्मचाऱ्याकडे पाहावं तसं पाहून कोपऱ्यात फेकली. खरं म्हणजे जुन्या चेनच्या शेपटाला नवी बांधून ओढली असती तर ती आपोआप आत गेली असती. पण तसं करायला कुणाला तरी विचारावं लागतं, आणि विचारलं की आपल्याला येत नाही हे उघड होतं.

मग ते नवी चेन घेऊन आत आले. अंगणात उजेड कमी, गुडघे दुखतात, शिवाय शेजारी बघतात. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला. दोन टोकं जवळ आणली, जोडकडी घातली, बाहेरची पट्टी बसवली आणि शिकंजा आवळत पिनांची डोकी अशी फुलवली की दृष्ट लागावी. कमी फुललं तर पट्टी सुटते, जास्त फुललं तर पिन तडकते. साहेबांचं बरोब्बर फुललं होतं. आयुष्यात इतकं निर्दोष काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

“बघा,” ते म्हणाले. चेनचं अखंड कडं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. चेनकडे बघितलं. दारातून गाडीकडे बघितलं. पुन्हा चेनकडे.

“छान आहे. आणि हे आता गाडीत जाणार कसं?”

“जाणार म्हणजे... चाकावरून...”

“मागचं चाक धरणारा तो जाड दांडा या कड्यातून जायला हवा ना? तो काय कापणार आहात?”

साहेबांनी कडं हळूच वर्तमानपत्रावर ठेवलं.

“अहो, नाडीला गाठ मारून मग ओवायला बसलात,” बायको म्हणाली. पुढे मात्र तिला बोलता येईना. कपाटाला टेकून ती डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसली.

निर्दोष काम मोडायला अर्धा तास लागला. दाबलेली जोडकडी दुसऱ्यांदा वापरता येत नाही, आणि रविवारी उघडं असणारं दुकान एकच. साहेब पिशवी घेऊन चालत मेहुण्याच्या गॅरेजात गेले.

“एक जोडकडी दे. या मापाची.”

मेहुण्याने पिशवीत डोकावून घासलेली कडी पाहिली. “भाऊजी, चेन बाहेरच जोडलीत की काय?”

“सराव केला.”

“बरं बरं,” मेहुणा म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. “गाडी इथे आणा, दहा मिनिटांत करून देतो.”

“कडी दे फक्त.”

दुपारी दोघं अंगणात बसली. बायकोने चेनच्या टोकाला तार बांधली, नेफ्यात पिन सरकवावी तशी ती पुढच्या दातेरी चाकावरून फिरवली आणि हुकूम सोडला, “ओढा. हळू. पीळ पडतोय, सोडा. आता ओढा.” साहेबांनी ओढली. तिने दोन्ही टोकं धरून ठेवली आणि साहेबांनी शिकंजा आवळला. मग तिने दोन्ही पिनांवरून नख फिरवलं, कापडाची शिवण तपासावी तसं, आणि हात धुवायला आत गेली.

सोमवारी सव्वाआठला ती पर्स सावरत बाहेर आली. साहेबांनी गाडी सुरू केली. ती बसली. साहेबांची छाती इतकी फुगली की शर्टाच्या गुंड्यांना काळजी वाटावी.

चौक ओलांडताना त्यांनी आरशात पाहिलं. वीस पावलांवर मेहुणा आपल्या गाडीवरून येत होता, पुढे अवजारांची पेटी बांधून.

“हा इकडे कुठे?”

“मी बोलावलाय,” मागून आवाज आला. “पहिल्या दिवशी उशीर नको.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही!”

“नसता तर त्याच्या मागे बसले असते. पुढे बघा, खड्डा आहे.”