बाबांची पाठ आणि जवसाचं जुनं तेल

माझ्या बाबांच्या पाठीची कातडी मी माझ्या हातांनी सोलली. रागाने नव्हे, प्रेमाने. पण मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर असल्यामुळे गावात याला अपघात म्हणायला कोणीच तयार नाही.

बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सगळी हयात आमच्या गावच्या, रोहण्याच्या शिवारात उघड्या पाठीने कपाशीत वाकण्यात गेलेली. मी आर्वीच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी परतलो, हाताशी विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून बाबांना धरलं. त्या हिवाळ्यात त्यांना खाज सुटली. पाठीवर आणि पिंढऱ्यांवर कातडी पांढुरकी होऊन तिचे खवले निघायला लागले. बाबा दिवसभर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. माझी बायको सुनंदा म्हणाली, मोठ्या दवाखान्यात दाखवून आणू. मी म्हणालो, खाजेसाठी कोणी दवाखान्यात जातं का? (जातं. पुढे आम्हीही गेलो.)

माझं निदान असं की हा साठलेला मळ आहे. मग काय, कढत पाणी, नारळाची शेंडी आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी! अंगाचा साबण मी मुद्दामच घेतला नाही, कारण जुना मळ सौम्य उपायांना दाद देत नाही. आंघोळीनंतर बाबा तासभर नव्या भांड्यासारखे लखलखत होते. मग कातडी ताणली आणि चैत्रातल्या काळ्या जमिनीसारखी तिला बारीक भेगा पडल्या. खाज दुप्पट झाली. बाबा पुन्हा चौकटीला पाठ घासायला लागले. मी म्हणालो, मळ निघाल्याची खूण आहे.

सुनंदाने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. ती मी परत पाठवली. कोठ्यात, म्हणजे आमच्या गुरांच्या गोठ्यात, जवसाच्या तेलाचा एक डबा होता. बाबा जवस पेरायचे त्या काळात घाणीवरून काढून आणलेला. बैलबंडीच्या चाकांना आणि दारांना लावायला म्हणून ठेवला आणि विसरला. तेल तपकिरी झालेलं, वर जाड साय, आणि वास असा की मांजरसुद्धा त्या कोपऱ्यात फिरकत नसे. पण माझा हिशेब पक्का होता. जुनं तूप औषधी असतं, वैद्य ते शोधत फिरतात. तूप जितकं जुनं तितकं गुणी, मग तेलाने काय घोडं मारलंय?

दोन दिवस मी ते तेल बाबांच्या पाठीत जिरवलं आणि अंगणात खाट टाकून त्यांना उन्हात पालथं झोपवलं. रात्री गारठा म्हणून तेलावरूनच बनियन चढवली. पहिल्या दिवशी ते म्हणाले, आग होते. मी म्हणालो, लागू पडतंय. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, लई आग होते. मी म्हणालो, लई लागू पडतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अजी, बाबांची बनियन निघून नाई राह्यली."

जवसाचं तेल हवेत वाळतं. वाळून त्याचा चिवट पापुद्रा होतो, म्हणून तर ते लाकडाला लावतात. तेलाला हवेतला प्राणवायू लागला की ते खवट होतं, हे मी दहावीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवलं. चिप्सच्या पाकिटात नायट्रोजन का भरतात, हा प्रश्न तर माझा ठेवणीतला. पापुद्रा कोमट पाण्याने हळूहळू भिजवावा, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. पण मला घाई होती, आणि सुनंदा बघत होती.

"हळू बे, गजू," बाबा म्हणाले.

मी ओढली. बनियन आली, आणि तिच्यासोबत हातभर कातडीही आली. बाबांनी खाटेची दोरी मुठीत धरली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा आम्ही त्यांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. कातडीची डॉक्टरीण माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने विचारलं, काय लावलं होतं? मी सांगितलं. तिने विचारलं, तेल कधीचं? मी म्हणालो, जरा जुनं. सुनंदा म्हणाली, नातवाच्या बारशाच्या आधीचं, आणि नातू यंदा बारावीला आहे.

डॉक्टरणीने लिहिणं थांबवलं. मग तिने मला शांतपणे समजावलं. कातडी म्हणजे विटांची भिंत, आणि विटा जोडणारा गारा म्हणजे कातडीची स्वतःची चरबी. वयाने ती कमी होते, उन्हाने बिघडते. उरलेली मी साबणाने धुऊन काढली. मग उघड्या भिंतीत सडलेलं तेल भरलं, आणि ते आणखी सडावं म्हणून उन्हात ठेवलं. शेवटी तिने विचारलं, काका, तुम्ही काय करता?

"शेती," मी म्हणालो.

पालथे पडलेले बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले, "मास्तर आहे थो. विज्ञानाचा."

बाबा अकरा दिवस पालथे होते. जखम चिघळली. या वयात कातडी लवकर येत नाही, आणि विष रक्तात गेलं तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. बाप माझ्या हातून जाणार, या भीतीने मला भाकर गिळवत नव्हती. केळझरहून माझी बहीण शोभा डबा घेऊन यायची. बाबांच्या खाटेकडे जाताना ती माझ्या बाजूने न जाता वळसा घालून जायची.

बाबा वाचले. पाठीवर नवी गुलाबी कातडी आली, आणि रोज दोन वेळा लावायला एक साधा मलम मिळाला. तो लावायचा मान सुनंदाचा. मी ट्यूब हातात घेतली रे घेतली की बाबा चादर मानेपर्यंत ओढून घेत. एकदा मी धीर करून म्हणालो, बाबा, आता मी शिकलो.

"शिकला खरं," ते म्हणाले. "पण माह्या पाठीवर शिकला. आता सूनबाईले येऊ दे."

दीड वर्ष मी दारात उभा राहून त्यांच्या पाठीला मलम लागताना बघितला. मला फार वाईट वाटायचं. पण तक्रार कोणाकडे करणार?

मग एका वैशाखात, दुपारचा चहा पिऊन झाल्यावर, बाबांचं हृदय थांबलं. त्यात माझा हात नव्हता, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. आमच्याकडे शेवटच्या आंघोळीआधी थोरल्या मुलाने अंगाला तेल-हळद लावायची असते. शोभाने तेलाची वाटी माझ्या हातात दिली आणि अख्ख्या अंगणाच्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

मी वाटीवर खाली वाकलो. मागून एक बाई म्हणाली, पाहा, लेक कसा हुंदके देऊन राह्यला. मी तेल हुंगत होतो. ते ताजं होतं, त्याच दिवशी दुकानातून आणलेलं. मग मात्र मी खरोखर रडलो, आणि बाबांना कुशीवर करून त्या गुलाबी कातडीवर तेलाचा हात फिरवला, अगदी हळू. दीड वर्षानंतर बाबांनी मला पाठीला हात लावू दिला, आणि तोही हरकत घ्यायला ते उरले नव्हते म्हणून.