रेनकोटमधली झडती

यादी केल्याशिवाय माझं चालत नाही. वाणसामान, औषधं, कुणाला काय दिलं, कुणाकडून काय यायचंय, सगळ्याच्या वह्या आहेत माझ्याकडे. एक गोष्ट मात्र आजवर कुठल्याही वहीत उतरली नाही आणि तोंडातूनही निघाली नाही. नवऱ्याला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की यातही मी माझी सोयच बघितली?

तेव्हा आम्ही रियाधला, अल मलाझमधल्या एका जुन्या इमारतीत राहत होतो. आखाती युद्ध सुरू झालं आणि आमची मधली खोली सगळ्या इमारतीची झाली. तिला एकच छोटी खिडकी होती, म्हणून. खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. सायरन वाजला की वरच्या मजल्यावरचं पाटणकर कुटुंब यायचं आणि तळमजल्यावरून सफियाभाभी, तिचा नवरा इक्बालभाई, त्यांच्या दोन मुली. ही मंडळी रत्नागिरीकडची. इक्बालभाई पाण्याचा टँकर चालवायचे.

माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं आणि पाटणकरांच्या बँकेनं माणशी एक गॅसमास्क दिला होता. इक्बालभाईंच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकानं, काहीच दिलं नव्हतं. खोक्यात सात मास्क आणि खोलीत अकरा माणसं — या आकड्यांनी आम्हा मास्कवाल्यांपैकी कुणाची झोप उडाल्याचं मला आठवत नाही. खोलीतल्या सामानाची यादी दारावर मीच चिकटवली होती. मेणबत्त्या, पाणी, टॉर्च, मास्क सात. मला तिचा अभिमान होता. बघा, अजूनही 'अभिमान' हाच शब्द आला.

शाळा बंद होत्या, दुपार सरता सरत नसे. कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानातून आणलेली एक ब्रिटिश फिल्म आम्ही इतक्या वेळा पाहिली की कॅसेट खरखरायला लागली. पावसाळी गावातला एक बस कंडक्टर. जुन्या अमेरिकन गुप्तहेरकथा वाचून वाचून तो स्वतःला त्यातलाच एक समजायला लागतो. रेनकोटची कॉलर वर, ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट, बोलणं तुटक आणि कडू. तिकीट फाडतानासुद्धा प्रवाशावर संशय. त्या कथांची थट्टाच होती ती, पण मायेनं केलेली. तो कंडक्टर सगळीकडे चुकतो आणि त्याच्या चुकण्यानं कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

मला त्याची नक्कल छान जमायची. नवऱ्याचा पुण्याहून आणलेला रेनकोट होता — रियाधमध्ये रेनकोट! — तो चढवून, ओठात पेन्सिल धरून मी सुरू झाले की लोक पोट धरून हसायचे. सगळ्यात जास्त हसायची सफियाभाभी. तिला इंग्रजी येत नव्हतं, सगळे संवाद मीच तिला मराठीत करून सांगितले होते. "ताई, तुमी सिनेमातच जायचं होतं," म्हणायची.

एका शुक्रवारी दुपारी मी खोकं मोजलं. मास्क सहा.

पुन्हा मोजले. सहाच. काळजी वाटली का? वाटली असेल. पण मला स्पष्ट आठवतं ते दुसरंच — अंगातून गेलेली एक गोड शिरशिरी. खरीखुरी केस! मी रेनकोट घातला.

सगळ्यांना ओळीनं बसवलं. टेबललॅम्प वळवला. पाटणकरांना विचारलं, गुरुवारी कुठे होतात, साक्षीदार कोण? पाटणकरवहिनी लाजून लाजून उत्तरं देत होत्या, मुली टाळ्या पिटत होत्या. माझी म्हणत होती, "मम्मी, डू इट अगेन!" मग मी सफियाभाभीसमोर उभी राहिले. पेन्सिल ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली आणि त्याच कडू आवाजात म्हणाले, "हेतू कोणाकडे आहे ते बघायचं असतं, बाईसाहेब. या खोलीत मास्क नाही असं घर एकच आहे."

हसू थांबलं. तिथे तरी मी थांबायचं होतं ना? थट्टा होती, सोडा, म्हणायला मला किती वेळ लागला असता?

सफियाभाभी म्हणाली, "माझी बॅग बघा ना, ताई. हीच तर आहे." आवाज अगदी साधा होता. प्रत्येक घराची एक भरलेली बॅग त्या खोलीत ठेवलेली असे. ती म्हणाली म्हणून मला उघडावी लागली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला उघडायचीच होती.

मी उघडली. एकेक वस्तू वर धरून, मोठ्यानं नाव घेत, खाली ठेवली. कागदपत्रं. मुलींचे फ्रॉक. चार टॉवेल. तळाशी पांढऱ्या सुती कापडाची जाड घडी होती. मी ती झटकून उलगडली. "आणि ही चादर?"

"कफन आहे ते," ती म्हणाली. "सासूबाईंसाठी. मक्केला उमऱ्याला गेलो होतो तवा तिथल्या झमझमच्या पाण्यात भिजवून आणलंय."

कापड माझ्या हातात लोंबत होतं, एक टोक फरशीला लागलेलं. इक्बालभाई पुढे आले, त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा घडी घालायला लागले, टोकाला टोक जुळवून. आणि मी? रिकाम्या हातानं परतणारा गुप्तहेर बरा दिसत नाही, म्हणून मी त्याच आवाजात म्हणाले, "माल आधीच हलवलेला दिसतोय." पाटणकरवहिनी नाकातल्या नाकात हसल्या. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज जितकी किळस येते तितकी कशाचीच येत नाही.

पुढचा सायरन वाजला तेव्हा ती चौघं वर आली नाहीत. त्यानंतरच्याही नाही. खाली स्वयंपाकघरात ओले टॉवेल तोंडाला लावून बसायची. माझ्या दारातून जिना दिसायचा. मी दार लावून फट चिकटपट्टीनं बंद करायची.

चार-पाच दिवसांनी मी गाडीच्या सामानाची वही उघडली. हो, गाडीची वही वेगळी होती. पाणी, दोर, टॉर्च — आणि माझ्याच अक्षरात, 'मास्क एक, पिशवीत'. रस्त्यात सायरन झाला तर नवऱ्याला हाताशी असावा म्हणून मीच पिशवी भरून दिली होती. त्यानं ती न उघडताच डिकीत टाकली होती. एका वहीत लिहिलं, दारावरच्या यादीतून कमी करायचं राहून गेलं. एवढंच.

मी ते पान फाडलं. मास्क पदराखालून आणून खोक्यात ठेवला. मग पाटणकरवहिनींना बोलावून दाखवला आणि म्हणाले, "मिळाला बाई. कुणीतरी परत आणून ठेवलेला दिसतोय."

कुणीतरी. वहिनींनी जिन्याकडे पाहिलं, तळमजल्याच्या दिशेनं. मीही पाहिलं. त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतकंच सावकाश. आजवर सांगायचं राहिलं होतं ते हे. झडती सगळ्यांनी पाहिली होती. हे कुणीच नाही.

पंधरवड्यात ते कुटुंब जेद्दाला निघालं, इक्बालभाईंच्या भावाकडे. पिकअपमध्ये सामान चढलं होतं. सफियाभाभी वर आली. माझा एक स्टीलचा डबा तिच्याकडे राहिला होता. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून तिनं त्यात नारळाच्या वड्या भरून आणल्या होत्या. त्या दिवसांत तिनं नारळ कुठून मिळवला असेल?

"तुमच्या यादीत असंल, ताई," ती म्हणाली. "खोडून टाका."

खाली इक्बालभाईंनी हॉर्न दिला. ती गेली. मी आत आले, वही काढली, पट्टी घेतली आणि डब्याच्या नोंदीवर सरळ रेघ मारली.