सव्वा तासावरचे पुणे

स्टेशनवरून गावात येताना डोक्यावरून विमान गेले. टांगेवाल्याने लगाम आवळला.

"रावसाहेब, आपल्या विमानाच्या मैदानापासून पुण्याचं मैदान किती लांब?"

"शंभर मैल. सव्वा तास."

तो अंतर घोडीच्या पाण्यावर मोजत असे. स्टेशन ते गाव म्हणजे एक पाणी.

"मध्ये कुठं पाणी पाजायला थांबत नाही?"

"नाही."

मग म्हणाला, "लेक पुण्याला दिलीय. ही घोडी दुसऱ्याच्या हातचा चारा खात नाही, म्हणून तीन वर्षं गेलो नाही. सव्वा तास म्हणजे सकाळी जाऊन, लेकीच्या हातची भाकर खाऊन, संध्याकाळच्या चाऱ्याला परत."

त्याने घोडीच्या पाठीवर हात फिरवला. विमानाचे भाडे मला पक्के ठाऊक होते. त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही.